वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित

पेटंट हा शब्द आमच्या घरांत पूर्वीं दोनच प्रसंगीं ऐकूं येई. तापावरचें किंवा खोकल्यावरचें बाटलींतलें तयार औषध आणलें म्हणजे त्याला ‘पेटंट औषध’ म्हणत. आणि एकादे गृहस्थ तीच ती गोष्ट प्रत्येक पंगतींत सांगूं लागले म्हणजे ‘हें त्यांचें पेटंट आहे’ असें म्हणून मंडळी हंसत. शब्दाचा खरा अर्थ आम्हांस कळला तो पुष्कळच उशिरां, आणि तोहि आमच्या पुतण्याच्या एका लहानशा खटाटोपामुळें. हा खटाटोप झाला स्वित्झर्लंडांत. परंतु आमच्या वाईच्या घराची एक खिडकी, ऐशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई आणि एकत्र कुटुंबांतील एक फार जुना प्रश्न हीं तिन्ही त्यांत गुंतलीं होतीं. म्हणून ती हकीकत आमच्या वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें.

प्रथम शब्दाविषयीं दोन शब्द. लॅटिन भाषेंतील ‘उघडें असणें’ या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. युरोपांतील राजे ज्या सनदा बंद लखोट्यांत न घालतां, खालीं मोहोर लटकवून, कोणीहि वाचाव्यात अशा उघड्या देत, त्यांना हें नांव होतें. आजच्या पेटंटाचा आत्माहि तोच आहे. शोधकानें आपली युक्ति, त्या विषयांतल्या जाणकाराला करून पाहतां येईल इतकी स्पष्ट लिहून, सर्वांपुढें ठेवावी. आणि त्या मोबदल्यांत सरकारनें त्याला कांहीं वर्षें, बहुतेक देशांत जास्तींत जास्त वीस, असा हक्क द्यावा कीं त्याच्या संमतीवांचून दुसऱ्या कोणीं ती वस्तु धंद्यासाठीं करूं नये वा विकूं नये. म्हणजे पेटंट हें गुपित नव्हे. तें गुपिताच्या अगदीं उलट आहे. आपल्याकडे वैद्यघराण्यांतून औषधाचा गुप्त पाठ थोरल्या मुलाच्या कानांत सांगण्याचा प्रघात असे. थोरला मुलगा अकालीं गेला कीं पाठहि त्याच्याबरोबर गेला. असे किती पाठ गेले याची गणती कोणापाशींच नाहीं, कारण ते कोणीं उघडे लिहिलेच नव्हते.

आतां पुतण्याची गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचा हा मुलगा यंत्रशास्त्राचें शिक्षण पुरें करून झुरिचजवळच्या विंटरथुर या गांवीं नोकरीस लागला. तेथील जुन्या घरांच्या खिडक्यांना बाहेरच्या अंगास लांकडी झडपा असतात. झडप उघडून भिंतीशीं नेली कीं ती तेथें अडकवावी लागते; नाहींतर वाऱ्यानें ती रात्रभर आपटते. यासाठीं कांहीं घरांच्या भिंतींत एक लहानसें लोखंडी मुंडकें बसविलेलें असतें. तें उभें केलें कीं झडप अडते. परंतु तें फिरविण्यासाठीं खिडकींतून अर्धें अंग बाहेर काढावें लागतें, आणि डिसेंबरच्या रात्रीं तिसऱ्या मजल्यावर वृद्ध माणसाला तें जमत नाहीं. पुतण्याच्या घरमालकीणबाई अशाच एकट्या राहणाऱ्या वृद्धा होत्या. त्यांच्यासाठीं त्यानें एक अडकण तयार केली. भिंतीला बसविलेल्या तिरकस खोबणींत एक ठोकळा असतो. झडप मागें ढकलली कीं तो वर उचलला जातो, आणि झडप भिंतीशीं पोंचतांच आपल्याच वजनानें खालीं पडून तिला अडवितो. वारा जितका जोराचा, तितका ठोकळा खोबणींत घट्ट बसतो. झडप सोडावयाची असेल तेव्हां खोलींत बसूनच एक तार ओढावी. ठोकळ्याच्या पाठीशीं पोलादी पट्टीची एक कमान आहे. ती ठोकळ्याला खडखडूं देत नाहीं, आणि तार ओढतांच झडपेला हलका धक्का देऊन भिंतीपासून सोडविते. घरमालकीणबाईंनीं तिचें कौतुक केलें, शेजाऱ्यांनीं मागणी केली, आणि कचेरींतल्या मित्रांनीं सांगितलें कीं, “याचें पेटंट घे.”

स्वित्झर्लंड हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनहि लहान. त्याचें पेटंटाचें कार्यालय बर्न शहरांत आहे. याच कार्यालयांत अल्बर्ट आइन्स्टाइन हे १९०२ पासून १९०९ पर्यंत नोकरीस होते. दिवसभर लोकांच्या यंत्रांचे अर्ज तपासून त्यांत नेमका दावा काय आहे हें शोधून काढणें हें त्यांचें काम. आणि ज्या १९०५ सालीं त्यांचे जगप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाले, त्या सालींहि ते तेंच काम करीत होते. बर्नला अर्ज करावयाचा तो जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन भाषेंत. त्यांत शोधाचें वर्णन, आकृति, थोडक्यांत सारांश आणि शेवटीं ‘दावे’ असतात. आमच्या पुतण्यानें २०१० सालीं अर्ज केला, तेव्हां अर्जाची फी २०० फ्रँक आणि तपासणीची ५०० फ्रँक होती. दावे दहापेक्षां अधिक झाले तर प्रत्येक जादा दाव्याला निराळी फी. तेथें मिळालेलें पेटंट शेजारच्या लिख्टेनस्टाइन या चिमुकल्या संस्थानांतहि आपोआप लागू होतें. १९७८ सालीं दोघांनीं तसा तह केला आणि १९८० पासून तो अमलांत आहे.

या सर्वांत कठीण भाग दाव्यांचा. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं तर्कशास्त्राचें प्राथमिक अध्ययन केलें असेल त्यांना तो एका वाक्यांत कळेल: दावा म्हणजे लक्षण. गाईचें लक्षण ‘शिंगें असणें’ असें केलें तर त्यांत म्हैसहि येते, ही अतिव्याप्ति. ‘तांबूस रंगाची असणें’ असें केलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. गळ्याखालची पोळी सांगितली म्हणजे लक्षण नेमकें बसतें. पेटंटाचा दावा लिहिणारा याच दोन दोषांच्या मधून वाट काढीत असतो. दावा फार रुंद केला तर त्यांत दुसऱ्यानें पूर्वींच केलेलें सांपडतें आणि तो कोर्टांत टिकत नाहीं. फार अरुंद केला तर शेजारचा कारखानदार एक खिळा बदलून तीच वस्तु विकतो. शिवाय युरोपांत दावा दोन भागांत लिहिण्याचा प्रघात आहे. पहिल्या भागांत पूर्वींपासून ठाऊक असलेलें सर्व सांगावयाचें; मग ‘याचें वैशिष्ट्य असें कीं’ अशा अर्थाचे ठराविक शब्द येतात, आणि त्यानंतर केवळ स्वतःचें असेल तेवढेंच लिहावयाचें. आम्हीं हें प्रथम ऐकलें तेव्हां आम्हांस मिताक्षरेची आठवण झाली. पहिला भाग वडिलोपार्जित, दुसरा स्वकष्टार्जित. आणि मध्यें एक रेघ.

रेघ कोठें ओढावी यावरूनच आमच्या घरांत वाद झाला.

पुतण्यानें पहिला मसुदा स्वतः लिहिला होता. त्यांत खोबण, ठोकळा, तार आणि कमान हें सर्वच त्यानें ‘आपलें’ म्हणून लिहिलें. तो त्यानें एका वृद्ध पेटंट-वकिलांना दाखविला. त्यांनीं वाचून एकच प्रश्न केला, “ही कल्पना तुम्हांला सुचली कोठून?” पुतण्या घरीं आला आणि त्या प्रश्नानें त्याला झोंप लागेना. लहानपणीं मे महिन्याच्या सुटींत तो वाईस येई आणि माडीवर निजे. माडीच्या रस्त्याकडच्या खिडकीला एक सागवानी ठोकळा आहे. तो तिरकस खोबणींत पडून झडप अडवितो, आणि आंतून दोरी ओढली कीं उचलला जातो. त्या दोरीशीं तो लहानपणीं तासन्‌तास खेळला होता.

दुसऱ्या दिवशीं त्याचा दूरध्वनि आला. “काका, माडीवरचा तो ठोकळा अजून आहे ना? त्याचें माप काढून आणि फोटो घेऊन पाठवाल का?”

आम्हीं माप घेतलें. खोबण सहा बोटें लांब, ठोकळा मुठीएवढा. दोरी कुजल्यामुळें तिच्या जागीं सुतळी बांधलेली. पुतण्याची कमान तेवढी तेथें नव्हती, आणि म्हणूनच आमची झडप पावसाळ्यांत खडखडते. बाकी सर्व तेंच होतें.

येथें कायदा काय म्हणतो तें सांगितलें पाहिजे. पेटंट मिळण्यास शोध नवा असावा लागतो. आणि नवा म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वीं जगांत कोठेंहि लेखानें, वाणीनें वा वापरानें लोकांस खुला न झालेला. आमची खिडकी भर रस्त्यावर उघडते. पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्याजाणाऱ्यांनीं तो ठोकळा पाहिला आहे. तेव्हां तो नवा नव्हे, हें उघड होतें. परंतु त्यावेळच्या स्विस कायद्यांत एक मौज होती. बर्नचें कार्यालय अर्ज बारकाईनें तपाशी. परंतु शोध नवा आहे कीं नाहीं आणि त्यांत पुरेशी कल्पकता आहे कीं नाहीं, या दोन गोष्टी मात्र तें तपाशीत नसे. ती जबाबदारी अर्जदारावर आणि पुढें तंटा झालाच तर न्यायालयावर. म्हणजे ठोकळ्याविषयीं अवाक्षर न काढतां पुतण्याला रुंद दाव्याचें पेटंट सहज मिळालें असतें.

आमचे धाकटे बंधु हे हिशेबी गृहस्थ. त्यांनीं मुलाच्या परदेशच्या शिक्षणासाठीं कर्ज काढलें होतें आणि तें फेडतांना काय काय सोसलें तें आम्हीं पाहिलें आहे. शिवाय एका लहानशा कारखान्यानें पुतण्याशीं बोलणें सुरू केलें होतें, आणि त्याचें म्हणणें स्पष्ट होतें: दावा रुंद असेल तर रक्कम मोठी. बंधु म्हणाले, “बर्नच्या कचेरींतला माणूस वाईला कशाला येतो? आणि बुद्धि तर त्याचीच आहे. विद्येनें मिळविलेलें धन ज्याचें त्याचें, असा कायदाच आहे.”

बंधूंचा हा मुद्दा लटका नव्हता. कुटुंबाच्या खर्चानें शिकलेल्या मुलाची मिळकत त्याची कीं कुटुंबाची, याविषयीं पूर्वीं कोर्टांत पुष्कळ वाद होत. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नानें १९३० सालीं हिंदु विद्याधनाचा कायदा झाला आणि अशी मिळकत त्या मुलाची स्वकष्टार्जित ठरली. आम्हीं बंधूंस इतकेंच म्हटलें कीं, “विद्याधन त्याचें, हें कबूल. कमान ही विद्या आहे. पण ठोकळा ही विद्या नव्हे. तें घरचें लांकूड आहे.”

आत्याबाई तोंवर जपाची माळ घेऊन स्वस्थ बसल्या होत्या. त्यांनीं माळ खालीं ठेविली आणि दूरध्वनि आपल्याकडे मागितला. “अरे बाळ,” त्या म्हणाल्या, “तो ठोकळा मी परकरी पोर होतें तेव्हां बसविला. सुतार दोन दिवस येत होता. दुपारीं ओटीवर भाकरी खाऊन निजे. पहिल्या दिवशींचा ठोकळा त्याला आवडला नाहीं, म्हणून त्यानें तो चुलींत घालायला दिला आणि दुसरा केला. त्याचें नांव माझ्या वडिलांना ठाऊक असेल; मला नाहीं. कोणीं लिहून ठेवलें नाहीं. आतां तूं एवढें मोठें कागदपत्र करतो आहेस, तर त्यांत त्याचें नांव येणार नाहीं हें खरें. पण ठोकळा होता, एवढें तरी लिही.”

पलीकडून बराच वेळ कांहीं आवाज आला नाहीं. मग पुतण्या म्हणाला, “लिहितों, आजी.”

त्यानें दावा नव्यानें लिहिला. खोबण, ठोकळा आणि ओढण्याची तार हीं रेघेच्या अलीकडे गेलीं. पलीकडे राहिली ती पोलादी कमान, तिचा खडखडाट थांबविण्याचा गुण आणि तिचा तो हलका धक्का. वर्णनांत त्यानें एक वाक्य घातलें कीं, भारतांत वाई येथील एका जुन्या घराच्या खिडकीस अशा प्रकारचा लांकडी ठोकळा वापरलेला आहे. वृद्ध वकिलांनीं तें वाचून समाधान दाखविलें, आणि त्यांचें कारण भाविक नव्हतें, व्यावहारिक होतें. ते म्हणाले कीं, लपविलेली गोष्ट वर आली म्हणजे रुंद पेटंट कोर्टांत एका दिवसांत कोसळतें. अरुंद आणि खरें पेटंट टिकतें. कारखान्याची रक्कम मात्र बोलण्यांतल्या रकमेच्या निम्म्यावर आली. बंधूंनीं त्यानंतर कांहीं दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलणें ठेविलें, आणि आम्हांस त्यांचा राग आला नाहीं. ज्यानें कर्ज फेडलें आहे त्याला निम्म्या रकमेचें दुःख होणें हें स्वाभाविकच आहे.

वडिलोपार्जित काय आणि स्वकष्टार्जित काय हा प्रश्न केवळ माणसांपुढेंच येतो असें नाहीं. खुद्द स्वित्झर्लंडनें तो फार दिवस टाळला होता. त्या देशांत १८८८ पर्यंत संघराज्याचा पेटंटाचा कायदाच नव्हता. १८८२ सालीं लोकांनीं तो मतदानानें फेटाळला होता. घड्याळें करणाऱ्यांना कायदा हवा होता, कारण त्यांच्या युक्त्या दुसरे उचलीत. बाझल येथील रंगांच्या कारखानदारांना तो नको होता, कारण ते स्वतः जर्मनांच्या युक्त्या उचलीत. अखेर १८८७ च्या मतदानानें वाट मोकळी झाली आणि पुढील वर्षीं कायदा झाला. परंतु त्यांत अशी खुबी ठेवली कीं ज्या शोधाचा नमुना करून दाखवितां येईल त्यालाच पेटंट मिळावें. रासायनिक क्रियेचा लांकडी वा लोखंडी नमुना कसा करणार? त्यामुळें रंगवाले मोकळे राहिले. जर्मनीनें जकातीचा धाक घातल्यावर १९०७ सालीं ती पळवाट बुजली. तोंवर बाझलचे कारखाने स्वतःचे शोध लावण्याइतके समर्थ झाले होते. हॉलंडनें तर १८६९ सालीं असलेला कायदाच रद्द केला आणि १९१२ पर्यंत त्यावांचून संसार चालविला. दुसऱ्याच्या विहिरीचें पाणी भरून बाग फुलली म्हणजे मग कुंपणाची आठवण होते, ही गोष्ट व्यक्तींप्रमाणें राष्ट्रांतहि दिसते.

पेटंट मिळालें म्हणजे काम संपलें असें आमच्या घरांतील मंडळींस वाटत होतें. बंधूंनीं तर प्रमाणपत्राची नक्कल चौकटींत बसवून बैठकींत लाविली. पण पेटंट ही विकत घेतलेली जमीन नव्हे. तिचा सारा दर वर्षीं भरावा लागतो. आपल्याकडे राजे लोक विद्वानांस वर्षासन देत. येथें विद्वानानेंच राजास वर्षासन द्यावयाचें, असा हा उलटा प्रकार आहे. स्वित्झर्लंडांत पहिलीं तीन वर्षें कांहीं द्यावें लागत नाहीं. चौथ्या वर्षापासून फी सुरू होते आणि ती पुढें वाढत जाते. ज्या महिन्यांत अर्ज केला त्या महिन्याच्या अखेरीस ती देय होते. त्यानंतर तीन महिन्यांत भरली तर दंड नाहीं. पुढच्या तीन महिन्यांत भरली तर दंडासह. आणि त्यांतहि राहिली तर पेटंट विझतें. पुतण्यानें अर्ज मार्चमध्यें केला होता, म्हणून दर वर्षीं मार्चअखेर, इकडे बंधु आपल्या हिशेबाच्या वह्या मिटवीत असतां, तिकडे बर्नची फी उभी राही.

ही वाढती फी प्रथम आम्हांस जुलूम वाटली. वस्तु जुनी होत जाते तसा कर कमी व्हावा, हा साधा न्याय. परंतु विचार करतां तींत एक शहाणपण दिसूं लागलें. सरकार दर वर्षीं शोधकाला एकच प्रश्न विचारतें: ‘हें कुंपण तुला अजून हवें आहे काय?’ ज्याला त्या कुंपणाचा खरा उपयोग आहे तो आनंदानें पैसे भरतो. ज्याला नाहीं तो सोडून देतो, आणि ती जागा सर्वांची होते. म्हणूनच बहुतेक पेटंटें वीस वर्षें पुरीं करीत नाहींत. आमच्या माळ्यावर तीन पिढ्यांचीं भांडीं, मोडके पाळणे आणि किल्ली नसलेल्या पेट्या आहेत. त्यांवर कोणीं वाढती वार्षिक पट्टी बसविली असती, तर माळा केव्हांच मोकळा झाला असता आणि तें पितळ कोणाच्या तरी उपयोगास आलें असतें.

पुतण्यानें २०१३ पासून २०१८ पर्यंत सहा वेळां फी भरली. पहिलीं वर्षें कारखान्यानें अडकणी केल्या आणि ठरलेली रक्कम दिली. पुढें नव्या घरांतून लांकडी झडपांऐवजीं गुंडाळल्या जाणाऱ्या झडपा आल्या, मागणी आटली, आणि कारखान्यानें करार पुरा होतांच तो पुन्हां केला नाहीं. यांत कोणाचा अन्याय नव्हता. पेटंट म्हणजे पैसा, ही समजूत किती पोकळ आहे हें आमच्याच एका थोर शोधकाच्या चरित्रावरून दिसतें. मुंबईस १८६७ सालीं जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनीं छापण्याचे टाईप पाडण्याच्या अपूर्व यंत्रांसाठीं विलायतेंत आणि अमेरिकेंत जन्म वेंचला, पुष्कळ पेटंटें मिळविलीं. परंतु भांडवलाची चिंता त्यांना बहुतेक सतत होती. सरकारची सनद दुसऱ्याला अडविते. ती गिऱ्हाईक आणून देत नाहीं.

२०१९ च्या मार्चांत दहाव्या वर्षाची फी उभी राहिली. आत्याबाई तेव्हां हयात नव्हत्या. चार वर्षांपूर्वींच त्या निवर्तल्या होत्या. पुतण्यानें सांगितलें कीं या वेळीं फी भरूं नये असें त्याच्या मनांत आहे. आतां बंधूंचा विरोध निराळ्या कारणासाठीं होता. ज्यांनीं पूर्वीं पैशांचा हिशेब मांडला होता तेच आतां म्हणूं लागले, “पैशांकडे काय पाहतोस? मी भरतों. घरांतली पहिली सनद आहे. ती विझूं द्यावी कां?” आम्हांसहि क्षणभर तसेंच वाटलें. भिंतीवरची चौकट आम्ही रोज पाहत होतों.

पुतण्याचें उत्तर आम्हांस आठवतें. तो म्हणाला, “बाबा, डोंगराळ भागांतल्या एका खेड्यांतून एका सुतारानें मला पत्र लिहिलें आहे. तो जुनीं घरें दुरुस्त करतो. त्याला बारा खिडक्यांसाठीं ही अडकण करावयाची आहे, आणि त्यासाठीं तो परवानगी मागतो. मी त्याला ‘खुशाल करा’ म्हणून लिहिलें. पण त्यानें मला विचारावें लागावें, हें मला बरें वाटलें नाहीं. आपल्या सुतारानें कोणाला विचारलें होतें?”

बंधूंनीं पुन्हां तो विषय काढला नाहीं. पुतण्यानें कांहीं अर्ज केला नाहीं, राजीनामा दिला नाहीं. फक्त फी भरली नाहीं. जूनअखेर बिनदंडाची मुदत गेली, सप्टेंबरअखेर दंडाची गेली, आणि पेटंट विझलें. नोंदवहींत तशी नोंद झाली.

विझलें म्हणजे काय झालें? हक्क तेवढा गेला; लेख गेला नाहीं. अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांनीं तो प्रसिद्ध झालेला आहे आणि कोणालाहि वाचण्यास खुला आहे. कमानीची जाडी, खोबणीचा कोन, आकृति, सर्व त्यांत आहे. आणि वाईच्या खिडकीचें तें एक वाक्यहि आहे. पेटंटाचें बळ ज्या देशांत तें घेतलें त्या देशापुरतेंच असतें. भारत १९९८ सालीं पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय करारांत सामील झालेला असल्यानें, पुतण्याला बर्नच्या तारखेपासून बारा महिन्यांत तीच तारीख धरून येथेंहि अर्ज करतां आला असता. खर्चाचा विचार करून त्यानें तो केला नाहीं. त्यामुळें विंटरथुरच्या कारागिराला जी वस्तु नऊ वर्षें करतां आली नाहीं, ती वाईच्या कारागिराला पहिल्या दिवसापासून मोकळी होती. आमच्या आळींतील सुतारानें त्या आकृतीवरून आमच्या ठोकळ्याला पोलादी पट्टी बसवून दिली. आतां ती झडप पावसाळ्यांत खडखडत नाहीं.

स्वित्झर्लंडचेच एक अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४१ सालीं रानांतून हिंडून आल्यावर आपल्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेलीं बोंडें त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं, आणि त्यांच्या टोंकांवरच्या आंकड्यांवरून चिकटणाऱ्या पट्ट्यांची कल्पना काढली. १९५१ सालीं त्यांनीं स्वित्झर्लंडांत पेटंटाचा अर्ज केला. कुसळें आमच्याहि धोतरांना हजारों वर्षें चिकटत आलीं आहेत. तीं झटकून टाकण्यापलीकडे आम्हीं कांहीं केलें नाहीं, म्हणून त्यांचें श्रेय निःसंशय त्यांचें. परंतु १९७८ च्या सुमारास त्यांच्या हक्कांची मुदत संपली, आणि आज शाळेच्या दप्तरापासून दवाखान्यांतील पट्ट्यापर्यंत ती वस्तु कोणीहि करतो. एका माणसाची स्वकष्टार्जित मिळकत एका पिढींत साऱ्या जगाची वडिलोपार्जित झाली.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला यांत परकें असें कांहीं वाटूं नये. आपल्या घरांतहि हेंच घडत असतें. फक्त आपण त्याची नोंद ठेवीत नाहीं. लोणच्यांतलें मिठाचें प्रमाण, मुलाच्या पोटदुखीवरचा काढा, विहिरीच्या रहाटाची एक खुबी, हीं कोणाच्या तरी डोक्यांतून प्रथम निघालीं. निघालीं तेव्हां तीं त्या व्यक्तीचीं होतीं. पुढें घराचीं झालीं, आणि मग ‘आमच्याकडे असेंच करतात’ या तीन शब्दांत त्या व्यक्तीचें नांव बुडून गेलें. नांव बुडालें याचेंहि फार वाईट वाटत नाहीं. परंतु पुष्कळदां त्याबरोबर वस्तूहि बुडते. म्हणून ज्यांच्या घरीं अजून कोणी आत्याबाई आहेत त्यांनीं एक वही करावी आणि पानाच्या मधोमध रेघ ओढावी. अलीकडे आपल्याला काय मिळालें तें लिहावें, पलीकडे आपण त्यांत काय घातलें तें. पलीकडची बाजू बहुधा लहान निघेल. आमच्या पुतण्याच्या बाजूला एक पोलादी पट्टी निघाली, आणि ती पुरेशी होती.